जमना नाही म्हणते

९ ऑगस्ट २०१४

जमनाने आज पुन्हा नाही म्हटलं. सगळ्यांसमोर!

मी रोपवाटिकेत खतही विकायला ठेवायचं म्हणत होते. आपल्याकडून मिरचीची रोपं नेतात तेच शेतकरी पुढे नाक्यावर जाऊन खत घेतात. मग आपणच का नाही ठेवायचं? बायकांना पटलं होतं. बुधीबाई तर म्हणाली, "पुष्पा बोलते ते बरोबर आहे." सगळ्यांत वयस्कर ती, तिचं वजन आहे. आणि जमना कोकोपीटच्या भुशाने भरलेले हात पदराला पुसत म्हणते — "नको. आत्ता कुठे शेडनेट उभं राहिलंय. आधी रोप नीट जमू दे."

झालं. सगळ्या माना तिच्या बाजूला डोलल्या.

आश्रमशाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून हेच. मी दहा वाक्यं बोलायची, ती एक. बाई फळ्यावर तिचं लिहायच्या.

पालघर जिल्हा झाला या महिन्यात. आमच्या बायकांच्या कंपनीच्या पाटीवरचं 'ठाणे' पुसून 'पालघर' करायचंय. ते काम माझं. अध्यक्षा ती, अक्षर माझं!

३ नोव्हेंबर २०१४

आज मी बोलले आणि जमना गप्प झाली. लिहून ठेवायलाच हवं.

उंबरगावकडचा एक शेतकरी आला होता. मिरचीची रोपं पाहिली, मग सुरू — बेन, वांगी आहे? कोबी? नळ्या ठेवता? औषध? माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, आम्ही एकच काम करतो. मिरचीचं निरोगी रोप, बोललेल्या दिवशी. बाकी सगळं वापीत मिळतं."

तो हसला आणि रोपं सांगून गेला. जमना ट्रे उचलता उचलता थांबली. "काय बोललीस? परत बोल ना."

परत बोलले. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

२० जानेवारी २०१५

माझं वाक्य शेडच्या भिंतीवर! जमनाने चुन्याने लिहून घेतलं — 'आपलं एकच काम. मिरचीचं निरोगी रोप, बोललेल्या दिवशी.'

आज डहाणूहून कृषी खात्याचे साहेब आले. उभं राहून वाचलं. "वा जमनाताई, कंपनीचं सगळं धोरण एका ओळीत!" ती म्हणाली, "पुष्पाचं आहे ते." म्हणाली खरी, पण साहेब तोवर पाण्याच्या टाकीकडे वळले होते. जोरात सांगायचं ना!

आणि खरी गंमत पुढेच. आता मी काही सुचवलं की ती नाही म्हणतसुद्धा नाही. नुसती भिंतीकडे बघते.

५ एप्रिल २०१५

विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत जाऊन आलो. नवरा धनेश, लेक चिमी, मी. जमना आणि तिच्या घरचे. देवीला नारळ दिला. मग चालता चालता तिला म्हटलं, "एवढी माणसं येतात. पुढच्या वर्षी रोपांचं दुकान मांडू इथे."

"चैत्रात मिरची कोण लावतं ग?"

बरोबर आहे तिचं. बरोबर असते म्हणूनच जास्त राग येतो.

परतताना रस्त्यात तिला ओळखणारी माणसं किती भेटली! माझ्या नवऱ्याच्या कारखान्यातला एक माणूस मला ओलांडून तिला नमस्कार करून गेला.

१८ डिसेंबर २०१५

पेपरात फोटो आलाय. जमना मध्यभागी, हातात रोप. मी तिच्या मागे. माझा एक कान आलाय.

६ ऑगस्ट २०१६

कंपनी वाढली. तलासरीच्या बाजूचे पाडे आले, डहाणूकडच्या बायका आल्या. आता सभा म्हणजे बाजार. एकीला कोंबडीची पिल्लं हवीत. एकीला मसाला कांडायची गिरणी. टेम्पो चालवणारा लक्ष्या म्हणतो, गाडी उन्हाळ्यात लग्नाला लावू. डहाणूच्या बायका म्हणतात, आमच्याकडे वेगळं चालतं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. तिने नको म्हणावं अशी आता एकटी मी नाही!

जमनाने सगळं ऐकून घेतलं. मग एकेकीला विचारत गेली, "याने रोप चांगलं होईल? वेळेवर जाईल?" कुणी काही बोललं की पुन्हा तेच. शेवटी बायका आपणहून हसायला लागल्या.

"उन्हाळ्यात शेड रिकामी पडते त्याचं काय?" मी विचारलं.

"पडू दे. ट्रे धुवायचे, बियाणं उगवून बघायचं, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बघायचं मागच्या रोपांचं काय झालं. ते काम नाही का?"

असं बोलते ना, की समोरच्याला आपण हावरट वाटायला लागतो.

घरी आले तर धनेश म्हणतो, "जमनाचं बरं असतं. एकदा ठरवलं की ठरवलं." त्याला भाकरी वाढली आणि आत जाऊन बसले.

२७ सप्टेंबर २०१६

पुण्याकडे मोठं शिबिर आहे, कंपन्या कशा चालवायच्या त्याचं. आमच्याकडून एकीलाच बोलावलंय. कुणाला ते लिहायलाच नको.

बी.ए. मी केलं. सभेचं टिपण मी लिहिते. इंग्रजी फोन आला की मला हाका मारतात. आणि जाणार ती! म्हणाली, "तू आहेस इथे, म्हणून तर मी जाऊ शकते." गोड बोलायला तिला कधी शिकवावं लागलं नाही.

४ ऑक्टोबर २०१६

जमना गेली. शेड माझ्या ताब्यात. आणि आज वापीचा भाजीचा व्यापारी आपल्या पायाने दारात आला! आपणहून! त्याला रोज ताजी भेंडी, गवार, काकडी पाहिजे. "बेन, माल तमे भेगो करो, तुम्ही गोळा करा, गाडी तुमची, बाजार माझा." आमच्या पाड्यांत प्रत्येकीच्या परसात भाजी आहे. टेम्पो आहे. बायका आहेत. आणखी काय लागतं?

हो म्हटलं.

तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा काय वाटलं सांगू — उंच बांधावर चढून सगळी शेतं दिसावीत तसं. ती परत येईल तेव्हा कंपनीला दोन पाय झालेले असतील. दुसरा माझा!

९ ऑक्टोबर २०१६

काय धावपळ! पहाटेपासून पाड्यापाड्यांवर भाजी गोळा करणं, निवडणं, भरणं. शेडमधल्या दोघींना घेतलं भाजीवर. बुधीबाई म्हणते, "रोपांना कोण बघतं?" बघतात की बाकीच्या. पाणी तर घालायचंय झारीने.

व्यापारी खूश आहे. लक्ष्या मला 'शेठाणी' म्हणाला.

१३ ऑक्टोबर २०१६

रोपं पडली.

सकाळी भाजी भरत होते. बुधीबाई आली आणि माझा हात धरून मला शेडमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यातल्या ट्रेमधली रोपं मुळाशी बारीक, तपकिरी होऊन आडवी झालेली. मर रोग! शेजारच्या ओळीत तेच. त्याच्या पलीकडे तेच. घाईघाईत बायकांनी संध्याकाळीच पाणी भरभरून घातलं होतं, रात्रभर ट्रे ओले राहिले. आणि रोज वाकून एकेक ओळ बघणाऱ्या दोघी माझ्याबरोबर भेंडी निवडत होत्या.

आजारी ट्रे बाहेर काढले. औषध टाकलं. दुपारी उरलेल्यातही दिसायला लागलं.

लोकांनी भात कापून वाफे तयार ठेवलेत. दिवाळीपर्यंत रोप देतो म्हणून शब्द दिलाय. पुन्हा बी टाकून रोप व्हायला महिन्याच्या वर जाईल.

जमनाला फोन केला. "येते," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१६ ऑक्टोबर २०१६

शेतकऱ्यांना बोलावलं होतं. शेडसमोर गर्दी. चिखल्याचा एक बागायतदार सगळ्यांत पुढे, आवाज चढलेला. "कुणी केलं हे? भाजीचा धंदा कुणी काढला?"

मी उभी राहणार होते. खरंच उभी राहणार होते. पण बसूनच राहिले. तेवढ्यात जमना म्हणाली, "कंपनीने केलं. मी अध्यक्ष आहे, मला विचारा." आणि मग एकेकाला सांगितलं — ज्यांना थांबणं जमेल त्यांच्यासाठी आज बी टाकतोय. ज्यांना जमणार नाही त्यांना दुसऱ्या रोपवाटिकेतून आम्ही स्वतः रोप आणून देऊ, बघून, निवडून. बोललेल्या दिवशी.

माणसं शांत झाली. तो बागायतदार जाताना तिला हात जोडून गेला.

एकदाही तिने माझ्याकडे बघितलं नाही. वाचवलं मला. सगळ्यांसमोर, माझं नाव न घेता वाचवलं. आणि मी तिथे बसून काय विचार करत होते? हेही तिलाच जमतं. चूक माझी, आणि मोठी झाली ती!

असं कसं मन माझं.

१७ ऑक्टोबर २०१६

वापीच्या व्यापाऱ्याला फोन करून बंद केलं. तो जे बोलला ते लिहीत नाही.

२५ नोव्हेंबर २०१६

गेला महिनाभर शेडवर जात नाही. कंबर दुखते असं सांगितलंय.

आज जमना आली. ओट्यावर बसली. चिमीने पाणी दिलं. मला वाटलं, आता काढणार विषय. ती म्हणाली, "नवीन रोपं उद्या निघतात. कुणाला किती, ते तूच बोललेलीस सगळ्यांशी. मला नावं आठवत नाहीत. चल."

"बायका काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. ट्रे तर उचलायचेत ना?"

गेले. कुणी काही म्हटलं नाही. ते तिने आधीच सांगून ठेवलं असणार. त्याचाही रागच आला.

१४ जून २०१७

मला चिखल्याला पाठवलं! तिथे दुसरी शेड उभी राहतेय, ढोबळी मिरचीच्या रोपांसाठी. "तूच सांभाळ," म्हणाली जमना. बायका म्हणतात, बढती झाली. मला कळतं. नजरेआड करायचंय मला. आमच्या वेवजीहून चिखलं म्हणजे रोज दोन वाहनं, आणि वर समुद्राचा खारा वारा.

"आणि दर सोमवारी दोन्ही शेडच्या सगळ्यांनी एकत्र बसायचं," म्हणाली. "कुठलं बी टाकलं, कुठलं रोप उशिरा गेलं, का गेलं. एवढंच बोलायचं. लांब गेलो की वाटा फुटतात."

म्हणजे नजरेआड, पण दोरी हातात.

२२ जानेवारी २०१८

सोमवार. चिखल्याचं एकही रोप या हंगामात उशिरा गेलं नाही. वेवजीचं दोनदा गेलं! सांगताना मी आवाज अगदी साधा ठेवला. आतून नाचत होते.

जमनाने विचारलं, "तुमच्याकडे असं काय करता?" मी सांगितलं — ट्रेला दिवसाची रंगीत पट्टी लावतो, रंग बघून कुठल्या दिवशी जायचं ते अडाणी बाईलाही कळतं. ती लगेच म्हणाली, "इथेही करायचं. उद्यापासून." आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "ही पुष्पाची रीत."

या वेळी जोरात बोलली. मला मात्र वाटलं, मेहरबानी करतेय.

१२ मार्च २०१८

समुद्राकडच्या एका बंगल्याचा मालक परवा आला होता. मुंबईचा. त्याला बागेसाठी फुलझाडं हवीत, नारळ हवेत, हिरवळ हवी. वर्षभराचं काम! माझ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चहा पाजला त्याला. हो म्हणायला तोंड उघडलं आणि कुठून कुणास ठाऊक, आडव्या पडलेल्या रोपांची ती ओळ दिसली.

"सोमवारी विचारून सांगते," म्हटलं.

आज विचारलं. जमना म्हणाली, "तुला काय वाटतं?" असं कधी विचारत नाही ती! मी म्हटलं, नको. बायका हसल्या — पुष्पा नको म्हणते!

पण नको म्हटलं ते मी. श्रेय कुणाला? बुधीबाई घरी जाताना म्हणते कशी, "जमनाच्या संगतीने सुधारलीस."

सुधारले!

२८ ऑगस्ट २०१८

चिमीच्या शाळेत निबंध होता, 'माझा आदर्श'. वही उघडी पडली होती म्हणून वाचला. 'माझी आदर्श जमनामावशी. ती कमी बोलते पण सगळे ऐकतात.'

खाली तिच्या बाईंनी लाल पेनाने लिहिलंय — छान!

चिमीची वेणी घालताना जरा जोरात ओढली गेली. ती "आई ग" म्हणाली. हो, मीच ती.

२ फेब्रुवारी २०१९

काल दिवसभर भूकंपाचे धक्के. दिवाळीपासून चाललेत, पण काल पाठोपाठ. भांडी पडली, भिंतीला चीर गेली. सगळा पाडा अंगणात झोपतो, थंडीत. धनेशने ताडपत्री बांधलीय.

सकाळी उजाडताच वेवजीच्या शेडवर पळाले. जमना आधीच तिथे. मांडणीवरून ट्रे घसरून खाली पडलेले, माती सांडलेली. आम्ही दोघीच. बसून एकेक रोप उचलून पुन्हा लावत होतो. मध्येच जमीन हलली तर दोघी एकमेकींच्या दंडाला धरून बसलो. हसू आलं. शाळेत वीज कडाडली की अशाच बसायचो.

मग ती म्हणाली, "पुष्पा, मी दमले ग."

तिच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवयच नाही. बघितलं तर केस किती पिकलेत तिचे! माझ्याच वयाची.

२१ एप्रिल २०१९

वार्षिक सभा. छपराखाली बसायला कुणी तयार नाही, म्हणून शेडमागच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या. हिशेब झाले, ठराव झाले. मग जमना उभी राहिली.

"इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना नाही म्हणत आले. स्वतःलाही म्हटलं. आता मला माझ्या जमिनीत मोगरा लावायचाय. अध्यक्षपद सोडते. माझ्या मते पुष्पाने घ्यावं."

कुजबुज झाली. डहाणूकडची एक बाई हसून म्हणाली, "पण पुष्पाला तर सगळंच करायचं असतं!"

सगळ्या हसल्या. माझे कान तापले.

जमना हसली नाही. "म्हणूनच. आपण काय काय सोडून देतोय, ते तिलाच नीट दिसतं. मला कधी दिसलंच नाही तेवढं. मी आपली एकच गोष्ट धरून बसले."

बुधीबाईने आधी हात वर केला. मग सगळ्यांनी.

आणि मी? ज्याच्यासाठी एवढी वर्षं जळले ते मांडीवर येऊन पडलं, आणि पहिला विचार काय आला — जातानाही सगळ्यांत चांगलं वाक्य तिचंच!

६ मे २०१९

अध्यक्षा म्हणून पहिला सोमवार. लक्ष्याने पुन्हा लग्नाच्या गाडीचं काढलं. "नाही." डहाणूच्या बायकांनी मसाल्याचं काढलं. "नाही." एक पाइपवाला आला होता. "नाही."

काय मजा येते नाही म्हणायला! समोरचा गप्प होतो, सगळ्या आपल्याकडे बघतात. हे सुख जमना इतकी वर्षं एकटीच घेत होती! मला वाटलंच होतं.

११ जून २०१९

जमना आली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोगऱ्याची कलमं घेऊन. तिच्या अंगणात टिकत नाहीत, ऊन लागतं. शेडचा एक कोपरा मागत होती. थोडे दिवस. तिने कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात मिरचीचं बी टाकायचंय, शेड धुऊन सुकत ठेवलीय, बाहेरचं झाड आत आलं की रोग येतो. हे तिनेच शिकवलंय सगळ्यांना. तरी मागत होती.

नाही म्हटलं. इतकं हळू की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

ती कलमं उचलून उभी राहिली. माझ्या हातावर तिचा ओला हात ठेवला.

"बघ," म्हणाली, "केवढं जड असतं नाही म्हणणं."